धरणावर मोठ्या माशासाठी शिसं कसं बांधावं?

तुम्ही विचारलंय, जायकवाडीच्या बॅकवॉटरला सायप्रिनससाठी (कॉमन कार्प मासा) ८०-९० ग्रॅमचं शिसं (गळाचं वजन) थेट तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोऱ्याला) गाठ मारून बांधलं तर चालेल का. लांब फेक जाईल, पण तसं बांधू नका. आपल्या धरणांच्या तळाशी बाभळीची खोडं आहेत, बुडालेल्या गावांच्या भिंती आहेत. तिथं घासून दोरा वरच्या बाजूला तुटला की मासा गळ, शिसं आणि मागचा सगळा दोरा घेऊन पळतो. मग ते शिसं खोडात अडकतं आणि मासा तिथंच खिळून मरतो. मांडणी कुठलीही करा, दोरा तुटल्यावर माशाला शिशापासून सुटता आलंच पाहिजे.

सगळ्यात सोपी म्हणजे सरकती मांडणी. कडीचं शिसं दोऱ्यात मोकळं ओवायचं, खाली एक मणी, मग स्विव्हल (दोन दोरे जोडणारी फिरती कडी), आणि पुढे वीतभर दोऱ्यावर गळ. दोरा तुटला की शिसं तुटक्या टोकावरून घसरून जातं. फक्त वर जोडगाठ ठेवू नका, शिसं तिथंच अडकतं. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

लेड क्लिप (शिसं अडकलं की ते सोडून देणारी छोटी क्लिप) वापरणार असाल तर खरी मेख तिच्या शेपटीवर चढवायच्या रबरात आहे. फेकताना शिसं सुटून उडू नये म्हणून लोक ते रबर पार दाबून बसवतात आणि क्लिपचा उपयोगच संपवतात. टोकावर हलकं बसवा. स्विव्हल पिनने क्लिपमध्ये पक्कं हवं, नाहीतर क्लिपच दोऱ्यावर वर सरकते आणि शिसं सुटत नाही. घरी तपासून बघा: शिसं मुठीत धरा आणि गळाकडचा दोरा एकसारखा ओढा. रबर मागे सरकून शिसं हातात राहिलं पाहिजे. फार जोर लावावा लागला तर रबर आणखी सैल करा.

क्लिप मिळत नसेल तर शिसं स्विव्हलला वेगळ्या, कमजोर दोऱ्याने बांधा. मुख्य दोरा दहा किलो ताण सहणारा असेल तर हा तीन-चार किलोचा. अडकलं की आधी तोच तुटतो. फेकताना मात्र झटका देऊ नका.

काळ्या गाळात गोल शिसं रुतून बसतं, तिथं चपटं आणि थोडं हलकं घ्या, गळाचा दोराही लांब ठेवा. ही तळाची मांडणी सायप्रिनस आणि मृगळसाठी आहे. कटला वरच्या थरात चरतो, त्याच्यासाठी तरंगा लावा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे दोरा तुटला तरी माशाला गळ झटकता येतो.

दोऱ्यावर दाबून बसवायचे बारीक छर्रे (छोटी गोल वजनं) लावत असाल तर ते शिशाचे नकोत. हंस ते गिळून मरायला लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून साधारण २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, आणि आपला नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) तर पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे गळ टाकण्याआधी वनखात्याकडे आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे परवानगीची चौकशी करा. छर्रे दातांनी दाबायची सवय असेल तर तीही सोडा, शिसं माणसालाही विषारीच.