शीट बघून मार्क देऊ नका
आर्किटेक्चरच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायला तुम्हाला नव्याने घेतलंय, तर एक कळकळीने सांगतो: मार्क देताना छापील नकाशाच्या शीटवर जाऊ नका, फाइल उघडा. गुळगुळीत रेंडरमागे, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रामागे, काय आहे ते तिथेच कळतं. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या रेषा एकाच लेयरवर (थरावर) टाकल्यात का, दरवाजाचा ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरता येणारं तयार चित्र) केलाय की प्रत्येक वेळी नव्याने काढलाय, आणि मुख्य म्हणजे डायमेन्शनचा, म्हणजे मापाचा आकडा सॉफ्टवेअरला मोजू न देता हाताने टाइप केलाय का? तो खोटा आकडा साइटवर गेला की भिंतच चुकते.

रेविटमध्ये, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तर मुलाला समोर बसवून मजल्याची उंची ३ मीटरवरून ३.३ करायला सांगा. सेक्शन (इमारतीचा उभा छेद) आपोआप बदलला नाही, तर मॉडेल नाही, नुसत्या रेषा ओढल्यात. १५० मिमीच्या रायझरने (पायरीच्या उंचीने) २० पायऱ्यांच्या उंच्यांच्या २२ होतात, म्हणजे जिना लांबतो. मग लँडिंग (जिन्यातली सपाट जागा) कुठे सरकतं, हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) उरतो का, हे न सांगता कोण तपासतं ते बघा. माझ्या मते सर्वाधिक मार्क त्यालाच द्यावेत.

हीच चाचणी छोट्या स्वरूपात पहिल्या आठवड्यातही घ्या. क्लास लावून आलेली मुलगी आणि पहिल्यांदाच सॉफ्टवेअर उघडणारा मुलगा, दोघांनी किती मजल मारली ते मग दिसतं. परीक्षा मात्र लॅबच्याच मशीनवर ठेवा. घरच्या महागड्या लॅपटॉपचे मार्क कुणाला मिळायला नकोत.