उबुंटूत ग्राफिक कार्ड चालतं, फेडोरा-डेबियनमध्ये नाही. कार्ड खराब झालंय का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: पीसी एकच, त्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय. लिनक्सच्या उबुंटू या डिस्ट्रोत, म्हणजे रूपात, सगळं सुरळीत. फेडोरा आणि डेबियनमध्ये मात्र ड्रायव्हर टाकूनही पडदा १०२४ बाय ७६८ वरच अडकतो. मग कार्ड विकावं का?

विकू नका. एका डिस्ट्रोत चालतंय म्हणजे कार्ड धडधाकट आहे.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कास्टिंगच्या पॅटर्नची ड्रॉइंगं करतो. फ्रीकॅड आणि ब्लेंडर रोज उघडं असतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या पीसीवर हेच झालं. दोन दिवस मी नुसती डिस्ट्रो बदलत बसलो आणि एका फौंड्रीचं काम लटकलं. तुमचे दोन दिवस वाचावेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कार्ड दिसत नाही’ असं आपण म्हणतो, पण मदरबोर्डला दिसत नाही, की दिसतंय पण ते चालवणारा ड्रायव्हरच चढलेला नाही, हे आधी ठरवा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ लिहून पुढे वजाचं चिन्ह आणि ‘एनएनके’ लावा. यादीत १०डीई हा आकडा असलेली ओळ म्हणजे एनव्हिडिया. ती ओळ आहे ना? मग हार्डवेअरचा विषय संपला. आता तिच्या खाली बघा. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असून पुढे ‘नूव्हो’ (लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर) किंवा ‘एनव्हिडिया’ (कंपनीचा ड्रायव्हर) लिहिलं असेल, तर तो ड्रायव्हर कामावर आहे. ही ओळच नसेल आणि नुसती ‘कर्नल मॉड्यूल्स’ची नावं असतील, तर कार्ड कुणाच्याच ताब्यात नाही. माझा अंदाज, तुमच्याकडे हेच झालंय.

असं होतं कारण एनव्हिडियाचं पॅकेज टाकलं की ते नूव्होला बंदी घालतं. नवा ड्रायव्हर काही कारणाने चढला नाही, तर जुनाही गेलेला आणि नवाही आलेला नाही. मग मदरबोर्डच्या फर्मवेअरने सुरुवातीला दिलेल्या साध्या चित्रावरच पडदा चालतो आणि रिझोल्यूशन बदलता येत नाही.

नवा ड्रायव्हर न चढण्याचं नेहमीचं कारण सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना डिजिटल सही तपासणारी मदरबोर्डची सोय. ते चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, कर्नल (लिनक्सचा गाभा) आत घेत नाही. उबुंटूच्या ड्रायव्हर मॉड्यूलवर ते बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची सही आधीच असते, म्हणून तिथे तुम्हाला काही करावं लागलं नाही. फेडोरात आरपीएम फ्यूजन या जादा पॅकेजांच्या साठ्यातलं पॅकेज आणि डेबियनमध्ये डीकेएमएस हे साधन, दोघंही मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बांधतात आणि तिथेच तयार झालेल्या चावीने सही करतात. ती चावी मशीनने ओळखीची मानली पाहिजे. ‘मॉडप्रोब एनव्हिडिया’ ही कमांड सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं, तर शंकाच उरत नाही.

उपाय: ‘मॉकयूटिल’ या कमांडने ती चावी (तिलाच ‘मॉक’ म्हणतात) इम्पोर्ट करा, विचारेल तेव्हा एक तात्पुरता पासवर्ड द्या आणि रीस्टार्ट करा. आता नीट लक्ष द्या. सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. मी तेव्हा चहा आणायला उठलो होतो. परत येईपर्यंत मशीन पुढे निघून गेलं होतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. सिक्युअर बूट बंद करणंही सोपं आहे, पण त्याच पीसीवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा.

फेडोरात आणखी एक गोष्ट. पॅकेज टाकल्यावर मॉड्यूल पडद्याआड बांधलं जात असतं, त्याला काही मिनिटं लागतात. लगेच रीस्टार्ट करू नका. ‘मॉडइन्फो’ला एनव्हिडियाचं व्हर्जन विचारा, आकडा आला की बांधणी झाली. डेबियनमध्ये चालू कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायली) नसतील तर बांधणी होतच नाही, तेही तपासा.

तुमचं कार्ड २०१६ च्या पास्कल पिढीतलं आहे, हे ड्रायव्हर निवडताना विसरू नका. एनव्हिडियाचं ओपन मॉड्यूल ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांनाच चालतं, आणि पास्कलला आधार देणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा ५८० ची. नव्यात नवा ड्रायव्हर चांगला, हे तुमच्या कार्डाला लागू नाही.

पुढे कधी १०डीईची ओळच गायब झाली, तर मात्र कॅबिनेट उघडा. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाही ओल येते. संपर्काच्या पट्ट्या मळतात. वीज पूर्ण काढून कार्ड बाहेर घ्या, सोनेरी पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि खटका लागेपर्यंत घट्ट बसवा.

सध्या त्याची गरज नाही. आज फेडोरा सुरू करून ती एनएनकेची यादी आणि मॉडप्रोबचं उत्तर इथे खाली टाका, मी बघतो.