थांबा, बेल्ट बदलू नका

अमेरिकी रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डची 'ग्रेटेस्ट हिट्स' एलपी (मोठी तबकडी) आणली, 'टुटी फ्रुटी' लावलं, आवाज त्याचाच पण गाणं भलतंच वाटतंय, तर टर्नटेबल (तबकडी फिरवणारं यंत्र) जोरात फिरतंय का, असं विचारलंय तुम्ही. वाचून हसू आलं आणि जुनी जखमही ठसठसली. टर्नटेबलला काही झालेलं नाही. रेकॉर्डिंगच दुसरं आहे.

मूळ गाणं १४ सप्टेंबर १९५५चं, न्यू ऑर्लिन्सला कोसिमो मटासाच्या स्टुडिओतलं. ड्रम्सवर अर्ल पामर, सॅक्सोफोनवर ली ॲलन. रेकॉर्ड कंपनी स्पेशालिटी. १९५७ला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना रिचर्डने रॉक अँड रोल सोडून धर्माची वाट धरली. काही वर्षांनी परत आला तेव्हा जुन्या टेप स्पेशालिटीकडेच होत्या. नव्या कंपन्यांना तर तीच गाणी हवी. मग काय, गा पुन्हा! १९६४च्या सुमारास व्ही-जेसाठी, पुढे मॉडर्नसाठी, १९६७ला ओके (OKeh) कंपनीसाठी टाळ्या-आरोळ्यांसकट. कव्हरवर मात्र सगळीकडे 'हिट्स'च.

मी काय केलं ऐका. माझ्याकडे 'हिअर्स लिटल रिचर्ड' या स्पेशालिटीच्या मूळ एलपीची, नंतर पुन्हा छापलेली, ओरखडे पडलेली प्रत होती. एका दुकानात ती देऊन, वर पैसे भरून, स्टीरिओ लिहिलेली चकचकीत 'हिट्स' घेतली. घरी लावली आणि तुमच्यासारखाच चक्रावलो. बेल्ट बदलला, सुई बदलली, स्ट्रोबची चकती ठेवून वेग तपासला, अगदी बरोबर. तरी डोक्यात प्रकाश पडेना! शेवटी एका मित्राने कव्हर उलटून वाचलं, तेव्हा कळलं की ही पुन्हा गायलेली गाणी.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "गायक तोच, गाणी तीच, मग तक्रार कसली?" माझी जुनी प्रत तोवर विकलीही गेली होती. दुकानाचं नाव घेत नाही, पण मालकाला फरक ठाऊक होता असं माझं ठाम मत आहे. सिद्ध करू शकत नाही, सोडा.

म्हणून माझा हट्ट: कव्हरची पुढची बाजू बघूच नका. मागे बारीक अक्षरात स्पेशालिटीचं नाव दिसतं का बघा. १९५०च्या दशकातली ती गाणी मुळात मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारी; तेव्हा त्यांवर ठळक 'स्टीरिओ' असेल तर भुवई उंचवा. (मोनोचं खोटं स्टीरिओही करून विकत, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका. मी काही तज्ज्ञ नाही.) कान मात्र फसत नाहीत. मूळ रेकॉर्डिंगमध्ये सॅक्सोफोनचा ताफा अंगावर येतो. तो नसेल तर रेकॉर्डिंग नंतरचं, असं समजा.

रिचर्डला दोष देऊ नका हं. जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीसाठी त्याने १९८४ला ११.२ कोटी डॉलरचा दावा लावला होता, पुढे कोर्टाबाहेर मिटला. पोटासाठी तीच गाणी परत गायला, एवढंच.

शिवाय व्ही-जेचा सगळाच माल टाकाऊ नाही. १९६५चं 'आय डोन्ट नो व्हॉट यू हॅव गॉट' मिळालं तर जरूर घ्या. गिटारवर पोरसवदा जिमी हेंड्रिक्स आहे, पुढे जगभर गाजलेला गिटारवादक.

कव्हरच्या मागचा फोटो टाका, बघून सांगतो. आणि घरात जुनी, ओरखड्यांची प्रत असेल तर तोवर कुणाला देऊ नका.