विचारा, खेळा : क्लॅनमधली शिडी

या वेळची बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत : आपल्याच क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, एकास-एक लढतींची शिडी (लॅडर), म्हणजे खालच्याने वरच्याला हरवून क्रम चढायची यादी, कशी चालवायची? लिहिणारे जवळपास सगळे क्लॅश रॉयल, म्हणजे पत्ते टाकून समोरच्याचे बुरूज पाडायचा मोबाइल गेम, खेळणारे असल्याने उदाहरणे त्याच गेममधली घेतली आहेत. आव्हानांचे आणि मुदतींचे नियम दुसऱ्या कोणत्याही गेमला तसेच लागू पडतील.

प्रश्न : आमच्या क्लॅनमध्ये ४६ जण आहेत, नियमित खेळणारे १४. बाद पद्धतीची स्पर्धा घेतली तर पहिल्याच दिवशी निम्मे घरी बसले. शिडी घ्यायची तर सुरुवात कुठून करावी? (को-लीडर, सांगली)

१४ जणच घ्या. उरलेल्या ३२ जणांची नावे "खेळतील कधीतरी" म्हणून यादीत घातलीत, तर शिडीच्या निम्म्याहून अधिक पायऱ्या रिकाम्या राहतील आणि आव्हान द्यायला समोर कुणी सापडणार नाही. ज्याला यायचे असेल त्याने नंतर सगळ्यात खालच्या पायरीवर यावे.

पहिला क्रम ट्रॉफींवरून, म्हणजे गेममध्ये जिंकल्यावर मिळणाऱ्या गुणांवरून, लावू नका. ट्रॉफींमध्ये पत्त्यांची पातळी आणि किती महिने खेळलात हेही मिसळलेले असते. मैत्री लढतीत, म्हणजे क्लॅनमधल्यांच्या आपसातल्या लढतीत, पातळी समान ठेवायची असल्याने त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. चिठ्ठ्या टाका. किंवा गंमत हवी असेल तर ट्रॉफींचा क्रम उलटा लावा. तगडे खेळाडू तळाशी गेले की त्यांना वर येण्यासाठी आव्हाने द्यावीच लागतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत भरपूर लढती होतात. आमचे मत उलट्या क्रमाच्या बाजूने आहे.

आव्हान आपल्या वरच्या तीन पायऱ्यांपर्यंतच देता यावे. १४ व्या क्रमांकावरून ११, ८, ५, २ आणि १ असे पाच विजयांत शिखर गाठता येते. आठवड्याला एक लढत आणि मध्ये एखादा पराभव धरला, तर सहा ते सात आठवड्यांचा हंगाम पुरतो. पायऱ्यांची मर्यादाच ठेवली नाही तर सगळे थेट पहिल्यालाच आव्हान देतात आणि मधली शिडी मोकळी पडते.

आता जिंकल्यावर काय होते ते. नवव्याने सहाव्याला हरवले असे समजा. अदलाबदलीच्या पद्धतीत सहावा थेट नववा होतो. एका पराभवात तीन पायऱ्या जातात, म्हणून लोक आव्हान घ्यायला कचरतात. सरकवण्याच्या पद्धतीत नववा सहावा होतो आणि जुने सहावा, सातवा, आठवा प्रत्येकी एक पायरी खाली येतात. न खेळता खाली आलेले सातवा-आठवा कुरकुरतील, पण तीच कुरकुर त्यांना खेळायला लावते. सरकवणेच ठेवा.

एक बारीक नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा : आव्हान देता येते की नाही, हे आव्हान दिल्या क्षणीच्या क्रमावर ठरेल, जिंकणारा मात्र निकालाच्या क्षणी प्रतिस्पर्धी जिथे असेल ती जागा घेईल. तोवर तो आधीच प्रतिस्पर्ध्याच्या वर गेला असेल, तर क्रम बदलणार नाही. हे लिहिले नाही की तिसऱ्या आठवड्यात वाद ठरलेला.

प्रश्न : एक डाव पुरेसा आहे का? मुले म्हणतात, तीन डावांना वेळ जातो. (अकोला)

डावाची मुख्य वेळ तीन मिनिटे, जादा वेळ दोन मिनिटे. तीन डाव अगदी ताणले गेले आणि मध्ये डेक (पत्त्यांचा संच) बदलण्यात वेळ गेला, तरी २५ मिनिटांत लढत आटोपते. एवढा वेळ द्यायला हरकत नसावी.

तीन डावांचा फायदाही मोजता येतो. समजा, एखादा खेळाडू प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दर १०० डावांपैकी ६० जिंकतो. एकाच डावात त्याची संधी ६० टक्के. तीनपैकी दोन जिंकायचे असतील तर ६४.८ टक्के, पाचपैकी तीन असतील तर साधारण ६८.३. म्हणजे पाच डाव घेऊनही दुबळ्याला जवळपास तिसरा हिस्सा संधी उरते. शिडीसाठी तीन बरे. पहिल्या क्रमांकाच्या लढतीला हवे तर पाच ठेवा.

डेकबाबत क्लॅन वॉरमधल्या (क्लॅन-क्लॅनमधल्या लढाईतल्या) ड्युएलचा नियम उसना घ्या : एका डावात वापरलेला पत्ता त्याच लढतीत पुन्हा वापरायचा नाही. आठ पत्त्यांचे तीन डेक, म्हणजे २४ वेगवेगळे पत्ते. एकाच डेकवर पोट भरणारा खेळाडू इथे उघडा पडतो. मैत्री लढतीत हा नियम गेम स्वतः पाळून घेईलच असे नाही, त्यामुळे निकालाच्या स्क्रीनशॉटमध्ये दोघांचेही पत्ते दिसायला हवेत. ज्याने पत्ता पुन्हा वापरला, त्याचा तो डाव गेला.

नव्या सदस्यांकडे इव्होल्यूशन (पत्त्यांची अधिक ताकदवान रूपे) नसतात, मग त्यांना सुरुवातीपासूनच चढण. दोन उपाय आहेत : शिडीत इव्होल्यूशन सरसकट बंद, किंवा १-१ अशी बरोबरी झाल्यावर तिसरा डाव ड्राफ्टचा. ड्राफ्टमध्ये समोर आलेल्या दोन पत्त्यांपैकी एक तुम्ही घेता आणि दुसरा प्रतिस्पर्ध्याकडे जातो, त्यामुळे कुणाच्या पेटीत काय आहे याला महत्त्व उरत नाही. तो प्रकार त्या वेळी गेममध्ये उपलब्ध आहे ना, हे हंगामाआधी पाहून घ्या.

प्रश्न : चॅटमध्ये मैत्री लढत टाकली की तिसराच कोणीतरी ती उचलतो. काय करावे? (इचलकरंजी)

चॅटमध्ये टाकलेले आव्हान क्लॅनमधला कुणीही स्वीकारू शकतो, त्यात त्याचा दोष नाही. दोघांनी एकमेकांना फ्रेंड लिस्टमध्ये घ्यावे आणि तिथून थेट बोलावणे पाठवावे. पहिला डाव सुरू झाला की दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरचा पातळीचा आकडा सारखा आहे का, तेवढे पाहा. नसेल तर तिथेच थांबून सेटिंग बदला. डाव संपल्यावरची तक्रार ऐकून घेऊ नये.

प्रश्न : आमचा पहिला क्रमांक तीन आठवडे गादी धरून बसला आहे. "वेळ नाही" म्हणतो. त्याला खाली कसे आणायचे? (ठाणे)

शिड्या मोडतात त्या बहुतेक इथेच. वर बसलेल्याला न खेळण्यातच फायदा असेल, तर तो खेळणार कशाला? म्हणून न खेळण्याला किंमत लावा.

आव्हान आल्यापासून २४ तासांत उत्तर आणि पाच दिवसांत लढत. दोघांनीही वेगवेगळ्या दिवसांच्या किमान दोन वेळा चॅटमध्ये लिहून सुचवायच्या, खासगी निरोपात नाही. पाचव्या दिवशी रात्री बारापर्यंत लढत झाली नाही, तर ज्याने दोन वेळा सुचवल्या नाहीत त्याच्याविरुद्ध पुढे चाल. दोघांनीही सुचवल्या असतील तर को-लीडरने वेळ ठरवून द्यावी. जो येणार नाही तो हरला. दोघांनीही काहीच सुचवले नसेल तर आव्हान रद्द.

एका वेळी एकाच्या डोक्यावर एकच आव्हान असावे, आणि आपण दिलेलेही एकच. दोघांनी एकाच व्यक्तीला आव्हान दिले तर चॅटमध्ये आधी लिहिणाऱ्याचे धरा. यशस्वी बचाव करणाऱ्याला दोन दिवस विसावा. हरलेल्याने त्याच प्रतिस्पर्ध्याला सात दिवस पुन्हा आव्हान द्यायचे नाही. नाहीतर तीच जोडी रोज झुंजत बसते.

दहा दिवस एकही लढत नाही, तर दोन पायऱ्या खाली. पण हा नियम पहिल्या क्रमांकाला जसाच्या तसा लावू नका. त्याच्या वर कुणी नसते, म्हणून तो आव्हान देऊच शकत नाही. दहा दिवस कुणी त्याला विचारलेच नाही, तर त्याचा काय दोष? त्याला शिक्षा फक्त आलेले आव्हान टाळल्याची. परीक्षा, गणपती, गावची जत्रा यांसाठी हंगामात एकदा सात दिवसांची रजा ठेवा, मात्र आव्हान येण्याआधी कळवलेली. आव्हान आल्यावर आठवलेली रजा मंजूर नाही.

तुमच्या तीन आठवड्यांबद्दल : नवे नियम मागच्या तारखेपासून लावू नका. आज जाहीर करा, उद्यापासून लागू करा.

प्रश्न : क्लॅनमध्ये दोघे दुबईत, एक कॅलिफोर्नियात, एक सिडनीत. वेळ जुळत नाही. (पुणे)

सगळ्या वेळा भारतीय वेळेत आणि वार लिहूनच ठरवा. नुसते "शनिवारी रात्री" म्हटले की घोळ झालाच. दुबईचा प्रश्न सोपा आहे : आपले रात्रीचे दहा म्हणजे तिथले साडेआठ. सिडनीसाठी आपली रविवारची दुपार एकची वेळ धरा. तिथे संध्याकाळचे साडेपाच किंवा त्यांच्या उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. कॅलिफोर्नियासाठी आपली रविवारची सकाळ साडेआठ. तिथे शनिवारचे रात्रीचे आठ, हिवाळ्यात सात. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यात वेळ पुन्हा विचारून घ्या.

सिडनी आणि कॅलिफोर्निया एकमेकांसमोर आले, तर त्यांना पाचऐवजी सात दिवस द्या.

प्रश्न : डाव चालू असताना नेट गेले तर तो डाव धरायचा का? (चंद्रपूर)

धरायचा. नेट गेले तरी डाव थांबत नाही, समोरचा खेळत राहतो. ॲप पुन्हा उघडले की तुम्ही उरलेल्या डावात परत येता. "नेट गेले" म्हटल्यावर डाव रद्द होऊ लागला, तर हरणाऱ्या प्रत्येकाचे नेट जाऊ लागेल. सूट एवढीच ठेवा : पहिल्या मिनिटात तुटले, एकही बुरूज पडलेला नाही आणि प्रतिस्पर्धी स्वतःहून तयार आहे, तर पुन्हा खेळा. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवा. बरीच "नेट गेले" प्रकरणे मुळात आलेल्या कॉलची असतात.

निकालाचा स्क्रीनशॉट जिंकणाऱ्याने लगेच टाकावा. बॅटल लॉगमध्ये (गेममधल्या लढतींच्या नोंदीत) अलीकडच्याच लढती राहतात, भरपूर खेळणाऱ्याची लढत दुसऱ्या दिवशी तिथून निघून गेलेली असू शकते.

प्रश्न : प्रत्येकी ५० रुपये काढून विजेत्याला दिले तर चुरस वाढेल ना? (नाशिक)

काढू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात निषिद्ध आहेत. खेळ कौशल्याचा आहे, ही सबब चालत नाही. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पन्नास रुपयांसाठी त्या वाटेला जायचे कशाला? विजेत्याचे नाव पुढचा हंगाम होईपर्यंत क्लॅनच्या वर्णनात ठेवा आणि त्याला एल्डर (क्लॅनमधले एक मानाचे पद) करा.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम आव्हाने दिली. हंगाम बंद कसा करावा? (कणकवली)

नवी आव्हाने अखेरच्या तारखेच्या सहा दिवस आधी बंद. आधी दिलेल्यांची पाच दिवसांची मुदत त्यात संपते आणि एक दिवस तक्रारींसाठी उरतो. ही तारीख पहिल्या दिवशीच जाहीर करा. पहिल्या तिघांची आव्हाने मात्र आणखी दोन दिवस आधी थांबवा, कारण तक्रारी तिथल्याच येतात.