वाचकांचे प्रश्न : गावात इंटरनेट पोचवायचं तर

प्रश्न : मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात आणि शेजारच्या दोन वस्त्यांवर मिळून १२० घरं इंटरनेट घ्यायला तयार आहेत. सोलापुरातून एक मोठी लाइन घेऊन ती घरोघर वाटली तर चालेल का?

उत्तर : लाइन कोणत्या कागदावर घेता, त्यावर सगळं आहे. घरगुती कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांना विकणं बेकायदा आहे. इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. एवढ्या घरांसाठी स्वतःचा परवाना काढण्याच्या भानगडीत पडू नका. परवानाधारक कंपनीची फ्रँचायझी घ्या : केवायसी, बिल आणि वापराच्या नोंदी कंपनीच्या नावावर, केबल आणि दुरुस्ती तुमची. सही करण्याआधी दोन कलमं शोधा. तुमचा वाटा जीएसटी वजा करून मोजणार की आधी? आणि करार मोडला तर गावातली केबल कोणाची? पुढे भांडणं याच दोन गोष्टींवरून होतात.

लाइन किती मोठी, तर खरा ताण रात्री आठ ते अकरा. घरामागे अडीच एमबीपीएस धरलं तर ३०० होतात. क्रिकेटचा सामना असला की तेही अपुरं पडतं, म्हणून ४०० मागा. महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय केबल ताणू नका, कधी कापली जाईल सांगता येत नाही.

प्रश्न : माढा तालुक्यात गावठाणापासून पाच किलोमीटरवरच्या वस्तीत आम्ही फायबर नेली. ओएलटी (फायबरमध्ये प्रकाश सोडणारं मुख्य यंत्र) +४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दाखवतो, गावात १:८ स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारा), वस्तीत दुसरा १:८. तिथल्या आठही घरी पॉवर −२७ च्या आसपास आहे, राउटरवर लाल दिवा लुकलुकतो. गावातली घरं ठीक आहेत. राउटर बदलून पाहिले, फरक नाही.

उत्तर : राउटर बदलण्यात पैसे घालवलेत. आठही घरं एकदम बिघडतात तेव्हा दोष त्या घरांत नसतो, ती जिथून निघतात तिथे किंवा त्याच्या मागे असतो.

हिशेब मांडा. एक १:८ स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी (प्रकाशातली घट मोजायचं एकक) खातो, दोन मिळून २१. पाच किलोमीटर फायबरचे दीड. चार कनेक्टरचे प्रत्येकी ०.४ धरून १.६ आणि स्प्लायसिंगचे, म्हणजे फायबर वितळवून केलेल्या जोडांचे, ०.४. +४ मधून हे वजा केलं की घरी −२०.५ मिळायला हवं. म्हणजे साडेसहा डीबी वाटेत कुठेतरी गळतात. राउटरची मर्यादा −२७ च्या आसपास असते. आम्ही −२५ च्या खाली घर सोडत नाही.

आता पॉवर मीटर घेऊन वस्तीतल्या स्प्लिटरच्या इनपुटला मोजा. तिथे −९ च्या जवळपास आलं तर मागची लाइन चांगली, स्प्लिटर किंवा त्याच्या इनपुटचा कनेक्टर खराब. −१५ आलं तर गावाकडे परत चला. पहिला संशय रंगावर घ्या : हिरव्या सॉकेटमध्ये निळा कनेक्टर बसवला आहे का? हिरव्याचं टोक आठ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. दोन्ही जुळत नाहीत, मध्ये हवा राहते आणि काही डीबी तिथेच जातात. दुसरा संशय खांबावर करकचून आवळलेल्या केबल टायवर. ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती प्रकाश गळतो ते दाखवणारं यंत्र) मिळाला तर १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजा. १५५० वर नुकसान बरंच जास्त दिसलं तर केबल दुमडली आहे. दोन्हीकडे सारखं असेल तर घाण किंवा कच्चा जोड.

केबल बांधावरून नेली असेल तर ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात तेव्हा खांबांमधले दोन-तीन गाळे हमखास जळतात. शक्य तिथे रस्त्याकडेने न्या आणि दर चार खांबांनी १५ मीटरचा वेटोळा ठेवा, म्हणजे थोडाच तुकडा जळला तर नवी केबल न आणता जोडता येईल.

प्रश्न : सांगोला तालुक्यात आठ किलोमीटरवरच्या वस्तीला वायरलेस लिंक द्यायची आहे. दोन्ही टोकांना १२ मीटरचे खांब आहेत, समोरचा खांब दुर्बिणीतून दिसतो. पुरेल ना?

उत्तर : नुसतं दिसून भागत नाही. अशी लिंक ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालवली तर आठ किलोमीटरच्या मध्यावर लहरींना सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी दहा-दहा मीटर जागा लागते. त्यातली ६० टक्के, म्हणजे सहा मीटर, मोकळी हवीच. पृथ्वीच्या गोलाईचा एक मीटर धरा. जमीन सपाट असेल तर खांबाच्या १२ मधून हे सात वजा जाऊन मध्यावर पाच मीटरपर्यंतचा अडथळा चालेल. डाळिंब आणि ऊस चालतील, बाभूळ आणि कडुनिंब नाही. फाल्गुनात कडुनिंबाची पानं झडलेली असताना पाहणी केलीत तर लिंक छान दिसेल आणि पावसाळ्यात ओल्या पानांनी पडेल. या पट्ट्याला परवाना लागत नाही, पण पॉवरची मर्यादा आहे. वळवाच्या विजा येण्याआधी खांबाला अर्थिंग द्या आणि लॅन केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) लावा.

प्रश्न : वीज गेली की गावाचं नेट बंद. किती बॅटरी लागेल?

उत्तर : छोटा ओएलटी आणि राउटर मिळून ६० वॉट धरा. १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली आणि इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा गेला, तरी १२ तास निघतात. घरच्या राउटरला मिनी यूपीएस ग्राहकाने घ्यावा. आणि ओएलटीची पेटी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, मे महिन्यात आत ती भाजून निघते.