ग्रंथपालांना विचारा: प्रबंध, टक्के आणि दुकानदार

ग्रंथालयात संशोधनाची ऑनलाइन जर्नलं उघडतात, घरी उघडत नाहीत. लॅपटॉप बिघडलाय का? (ऐरोली)

नाही. प्रवेश संस्थेच्या आयपी पत्त्याला, म्हणजे तिथल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाला बांधलेला असतो. घरून वाचायला 'इन्फेड'सारखी, संस्थेच्या खात्याने लॉगिन करू देणारी सोय लागते. तुमच्या संस्थेत ती आहे का, ते ग्रंथालयात विचारा.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे आता सगळ्यांना सगळं फुकट, असं सहकारी म्हणतात. आमचं कॉलेज खासगी आहे. (घोडबंदर रोड)

सहकाऱ्यांनी मथळाच वाचलेला दिसतो. १ जानेवारी २०२५ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. पण पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांपुरता आहे. तुमच्याकडे 'एन-लिस्ट' (कॉलेजांना ई-जर्नलं, ई-पुस्तकं देणारी सोय) किंवा 'डेलनेट' (ग्रंथालयांचं जाळं) आहे का ते पाहा. लेख मागवताना डीओआय, म्हणजे लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक द्या. 'पर्यावरणावर काहीतरी पाहिजे' या चिठ्ठीवर कुणी काही शोधून देऊ शकत नाही.

मराठीतला प्रबंध स्टेशनजवळच्या दुकानात वाङ्मयचौर्यासाठी सॉफ्टवेअरवर तपासला, इतर मजकुराशी साम्य २ टक्के. दुरुस्त्या करून पुन्हा तिथेच नेला, तर ७१! दुकानदार म्हणतो, पैसे द्या, दहाच्या आत आणतो. पुढच्या आठवड्यात सादर करायचा आहे. (कळवा)

आधी ते २ टक्के बघू. प्रबंध कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केला होता? युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टात पडद्यावर मराठी दिसतं, फाइलच्या पोटात मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ असते. सॉफ्टवेअर ती भेळ कशाशी ताडून पाहणार? एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. अगम्य काही उमटलं, तर तो २चा आकडा निरर्थक आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात. म्हणजे सगळी पानं पुन्हा वाचायची. आठवड्यात हे होत नाही.

आता ७१. दुरुस्त्यांत फॉन्ट बदलला असेल, तर मजकूर आत्ता कुठे खरा तपासला गेला. फॉन्ट तोच असेल, तर दुकानदाराच्या खात्यात पहिली प्रत साठवली गेली असण्याची शक्यता मोठी. तुमचा प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी जुळतोय. एकट्या टक्क्यावरून हे कळत नाही, अहवालातली स्रोतांची यादी उघडा. कोणता स्रोत वगळायचा, हे दुकानदार ठरवत नाही. मार्गदर्शक आणि ग्रंथपालांना अहवाल दाखवा.

आणि 'दहाच्या आत आणतो' म्हणजे काय करतो? समानार्थी शब्द कोंबतो. संतवाङ्मयाचं 'साधूलेखन' होतं आणि तोंडी परीक्षेत त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय दिलेली अवतरणं यात धरत नाहीत. म्हणजे दुरुस्त्यांत घाबरून अवतरणं मोडली असतील, तर त्याची गरजच नव्हती! प्रकरण लिहून झालं की लगेच ग्रंथालयात तपासून घ्यायचं असतं. सादरीकरणाची तारीख पुढे ढकलता येईल का, हे आजच मार्गदर्शकांना विचारा.

'यूजीसी केअर जर्नल, आयएसएसएनसह, १,५०० रुपये, तीन दिवसांत लेख छापून' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलाय. भरवसा ठेवू का? (नेरूळ)

केअर ही मान्य जर्नलांची यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्येच बंद केली. आयएसएसएन हा ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. तीन दिवसांत तज्ज्ञ परीक्षण होत नाही, पावती होते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीसाठी लेख छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती संशोधन विभागाकडून लेखी घ्या.

१८८२चं ठाणे गॅझेटिअर (ब्रिटिश काळातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) मूळ प्रतीतच पाहावं लागेल का? (ठाणे पश्चिम)

नाही. खंड १३चे दोन भाग आणि खंड १४. डिजिटल प्रत चालते. तळटीपेत मात्र तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेली आवृत्ती नोंदवा. पुनर्मुद्रण वाचून १८८२ लिहू नका.