थंडीत अभ्यास बसत नाही? आधी बोटं शेक

भाऊ, पहाटे चारला उठून पुस्तक उघडतोस अन् डोक्यात काही शिरत नाही म्हणतोस, तर तो आळस नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्या गोंदिया-नागपूरकडे पारा कितीदा तरी 10 अंशांखाली जातो. शरीराला आतले 37 अंश टिकवायचे असतात, म्हणून ते हातापायांकडचं रक्त कमी करतं. बोटं आखडतात, अक्षर बिघडतं, अर्धं लक्ष कुडकुडण्यातच जातं.

मी तलाठी भरतीच्या वर्षी पहाटे घरापुढच्या उघड्या सपरीत बसायचो, मोठा शहाणा! वारा सरळ मानेवर. तू आतल्या खोलीत बस, पायात मोजे, कानाला मफलर, बुडाखाली गोधडी. पहाटे नुसती उजळणी कर, गणितं ऊन चढल्यावर सपरीत घे. पाणी पीत जा, थंडीत तहान कळत नाही.

एक मात्र ऐकच. दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी किंवा पऱ्हाटीचा पेटता इस्तो खोलीत ठेवू नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, अन् त्याला वास नसतो. डोकं जड होतं अन् तुला वाटेल झोप आली. शेकायचं तर अंगणात, दहा मिनिटं. तिथं कोणी तुरीच्या शेंगा भाजायला घेतल्या, तर तास गेलाच समज.